नियोजित नावाचा बँड

लोकांसमोर एकदा तरी वाजवायचं, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा म्हणून काही फार मोठी नव्हे. समोर माणसं बसलेली असावीत, आपण वर उभे असावे, गळ्यात बास गिटार असावी आणि एक गाणं सुरू होऊन शेवटापर्यंत जावं. शाळेच्या कार्यक्रमात चिमुरडी पोरं हे हसत हसत करून दाखवतात. पण माझे याआधीचे तिन्ही बँड लोकांसमोर उभे राहायच्या आतच मोडले. पहिला नावावरून मोडला, दुसरा ड्रमवाल्याच्या लग्नावरून मोडला, आणि तिसरा कशावरून मोडला हे मला कोणी कळवलंच नाही. मी नेहमीप्रमाणे सरावाला गेलो, तर त्या खोलीत शिवणकामाचा वर्ग चालू होता. बाईंनी मला मशीन दुरुस्तीवाला समजून आत घेतलं आणि खरं कारण सांगायची लाज वाटल्यामुळे मी थोडा वेळ मशीनही तपासलं.

चौथ्या बँडचा जन्म माझ्या मेव्हण्याच्या दवाखान्यात झाला. मेव्हणा दातांचा डॉक्टर आहे, बायकोचा थोरला भाऊ आहे आणि गिटार वाजवतो. या तिन्ही गोष्टींमुळे त्याच्यासमोर माझं तोंड बंद असतं, फक्त त्या दिवशी ते उघडं होतं. मी खुर्चीत आडवा, दाढेत कापूस, आणि वर दिवा. तो सहज बोलल्यासारखा म्हणाला की आपण जुन्याजाणत्यांनी मिळून एक नवा बँड काढू, मेटलकोर वाजवू, बास तुझी. मला विचार करायला वेळ हवा होता. तसं सांगण्यासाठी मी घशातून जो आवाज काढला तो त्याने होकार म्हणून धरला, आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्सने माझं अभिनंदन केलं.

मेटलकोर म्हणजे काय, हे त्या काळात मी इतक्या लोकांना समजावून सांगितलं की शेवटी मलाच शंका यायला लागली. आधी सगळे जण जमेल तितक्या वेगाने वाजवतात. त्यावर एक जण जिवाच्या आकांताने ओरडतो. मध्येच चार ओळी गोड चालीच्या येतात, ऐकणारा जरा सैलावतो, आणि मग सगळं एकदम संथ होऊन चौघेही एकाच क्षणी घाव घालतात. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. सगळी गंमत त्या घावात आहे. चौघांचा घाव एकत्र पडला तर ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. पुढेमागे पडला तर कोणीतरी घरातलं सामान हलवतंय असं वाटतं. बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान किती वेळ हलवायची असते, एवढंच विचारलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला मानेचे व्यायाम लिहून दिले आणि मी ते नियमाने करू लागलो. बँडच्या संपूर्ण इतिहासात वेळेवर झालेली गोष्ट म्हणाल तर ती तेवढीच.

उरलेले दोघे मेव्हण्यानेच जमवले. गायक म्हणून आले ते सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. दिवसभर ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करणारा हा सज्जन माणूस एकेकाळी एका बँडमध्ये किंचाळत असे, हे मला आधी खोटंच वाटलं. पण त्यांनी खुलासा केला की खरी किंकाळी मुळात कुजबुजीइतकीच असते, तिला मोठं करतो तो माईक. त्यांना तो बँड सोडावा लागला, कारण तिथल्या मंडळींनी त्यांना एकदा नीट गायला सांगितलं होतं. तो अपमान अजून ताजा होता. ड्रमवर आले ते ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ. शिकाऊ माणसाशेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबायची त्यांना इतकी सवय होती की गाण्याचा वेग जरा वाढला की त्यांचा पाय आपोआप आवळायचा. त्यांना आम्ही मास्तर म्हणत असू.

आमच्यात एकच दोष होता. आम्ही सगळे अनुभवी होतो. कुठलाही प्रश्न निघाला की कोणीतरी, "आमच्या जुन्या बँडमध्ये," अशी सुरुवात करायचा. गाणं कोणत्या सुरात बांधायचं, तर मेव्हण्याच्या जुन्या बँडमध्ये ते अमुक सुरात असे. ब्रेकडाउन किती संथ असावा, तर मास्तरांच्या जुन्या बँडमध्ये तो इतका संथ असे की दोन घावांच्या मध्ये प्रेक्षक पाणी पिऊन येत. मला या वाक्याचा उपयोगच नव्हता. माझ्या जुन्या बँडमध्ये काय होत असे, तर शिवणकाम. एकदा मी धीर करून तसं म्हणून पाहिलं, तर मेव्हणा म्हणाला, "जावईबापू, लोकांसमोर वाजवलंत की मग बोला." बायको तिथेच कॉफी घेऊन उभी होती. तिने भावाकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही पाहिलं नाही.

जागेचा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्या मागच्या खोलीकडे वळल्या. ग्रंथपालांचं घर वाचनालयाच्या वर, मेव्हण्याच्या घरी दवाखाना, आणि मास्तरांकडे फक्त गाडी. खोलीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय करावं, यावर आमच्या इमारतीत जेवढं ज्ञान आहे तेवढं क्वचितच एका जागी सापडेल. सोसायटीच्या सेक्रेटरींनी भिंतीला अंड्यांचे रिकामे ट्रे लावायला सांगितले. त्यांच्या भाच्याने लावले होते म्हणे. भाच्याचा आवाज कुठवर थांबला हे विचारायचं मला सुचलं नाही. मी महिनाभर बेकरीवाल्याच्या हातापाया पडून ट्रे गोळा केले आणि चिकटवले. आवाज जसा होता तसाच राहिला, पण त्यातल्या काही ट्रेंमध्ये फुटलेल्या अंड्यांचा अंश असल्यामुळे मुंग्यांनी खोलीचा ताबा घेतला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांनी येऊन सांगितलं की ट्रेने काही होत नाही, गाद्या लावा. गाद्या लावल्यावर तळमजल्यावरचे वकील म्हणाले की गाद्यांनी आग लागते. तिघांनी मिळून एक दिवस माझ्या खोलीत बैठक घेतली, एकमेकांची मतं खोडून काढली आणि जाताना मला बजावलं की असल्या कामात आधी विचारायला हवं होतं.

पहिला सराव झाला. मोठ्या आवाजात तो एकच झाला. माझ्या खालच्या घरात एक काकू राहतात. त्यांच्या छताचा पंखा आमच्या पहिल्या ब्रेकडाउनला आपोआप फिरू लागला असं त्यांचं म्हणणं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेच्या ध्वनी-नियंत्रण कक्षात रीतसर तक्रार दिली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ध्वनी-नियंत्रण कक्षातला तक्रार अधिकारी मीच आहे. तक्रार माझ्या टेबलावर आली. अर्जदार खालच्या काकू, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो मी. मी ती साहेबांकडे नेली आणि हे प्रकरण दुसऱ्या कोणाकडे द्यावं अशी विनंती केली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि कक्षात दुसरा अधिकारी नाही, याची मला आठवण करून दिली. दुसरं पद मंजूर आहे, पण भरलेलं नाही, आणि ते का भरलं नाही याची टिपणीही मीच लिहिलेली आहे. तेव्हा कायद्याने जे व्हायचं ते होऊ द्या, असं साहेब म्हणाले.

मग मी स्वतःला नोटीस काढली. जावक कारकुनाने ती माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवली. संध्याकाळी घरी जाऊन मी ती सही करून घेतली आणि वाचून मला खरोखर राग आला. भाषा फार उर्मट होती. मी नागरिक म्हणून जरा कडक उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते उत्तर वाचताना अधिकारी म्हणून मला ते अत्यंत असमाधानकारक वाटलं. असली उत्तरं देणारे लोक मी रोज बघतो. मी प्रत्यक्ष पाहणीचा आदेश दिला, कचेरीचं आवाज मोजायचं यंत्र घेतलं आणि घरी आलो. बायकोने दार उघडल्यावर मी कोण म्हणून आलोय हे विचारलं. अधिकारी म्हणून आला असाल तर बाहेरच्या खोलीत बसा, आणि नवरा म्हणून आला असशील तर आधी मुंग्यांचं बघ, असं तिचं म्हणणं होतं. मोजणी झाली. मर्यादा ओलांडली गेली होती, थोडीथोडकी नव्हे. मी स्वतःला सक्त ताकीद दिली आणि त्या खोलीत आवाज करण्यास बंदी घातली.

खरं तर तिथेच चौथा बँड मोडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच होतं, हा मोडू द्यायचा नाही. मी मंडळींना बोलावून सांगितलं की आपण आवाज न करता सराव करू. मास्तरांसाठी रबराचे ड्रम आणले, त्यांचा आवाज फक्त तारेतून जातो. आमच्या गिटारी तारेतून, ग्रंथपालांची कुजबूज माईकच्या तारेतून, आणि सगळ्या तारा मिळून चौघांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये. प्रत्येकाच्या हाताशी एक छोटी पेटी, पेटीवर चार बटणं. कोणाला किती मोठ्याने ऐकायचं, हे ज्याचं त्याने आपापल्या बटणावर ठरवायचं. खोली लहान असल्यामुळे आम्ही चौघे चार भिंतींकडे तोंड करून उभे राहायचो. या व्यवस्थेचा मला फार अभिमान वाटला. वर्षानुवर्षं लोकांना गप्प करण्याचा पगार घेतल्यावर असं काहीतरी सुचणारच.

पहिल्याच दिवशी मी माझ्या पेटीवरचं मेव्हण्याचं बटण थोडं खाली केलं. द्वेष म्हणून नव्हे. त्याचा आवाज जरा पुढे पुढे करत होता, अगदी त्याच्यासारखाच. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं खाली केलं. मग एकदा ते पूर्ण बंद करून पाहिलं आणि मला गाणं प्रथमच स्वच्छ ऐकू आलं. माझी बास काय सुरेख वाजत होती. सराव संपला की चौघेही हेडफोन काढून एकमेकांकडे समाधानाने बघायचो. मास्तर म्हणायचे, आज फारच जुळून आलं. मेव्हणाही मान डोलवायचा. त्याने माझ्याबद्दल काही वाईट बोलणं थांबवलं होतं, आणि मला वाटलं, माझं वाजवणं त्याला पटायला लागलं.

पण काकू काही स्वस्थ बसल्या नाहीत. त्या पुन्हा कचेरीत आल्या आणि या वेळी त्यांचा आवाज खरोखर कापत होता.

"आता तर काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "चार मोठे पुरुष दार लावून आत जातात आणि तासन् तास चिडीचूप. मला त्याचीच भीती वाटते."

मी त्यांना समजावलं की ध्वनी-नियंत्रण कक्षाला शांततेविरुद्ध कारवाई करता येत नाही. त्या सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरी जबाबदार माणूस, ते वकिलांना आणि इंजिनियरांना सोबत घेऊन आले आणि आमच्या नकळत खोलीचं दार ढकलून बघितलं. आत काय दिसलं असेल, याची कल्पना करा. चार मध्यमवयीन माणसं गादी लावलेल्या भिंतींकडे तोंड करून उभी. एक रबरावर काठ्या बडवतोय. दोघे माना झटकतायत. आणि वाचनालयातले ते सालस ग्रंथपाल, ज्यांनी सेक्रेटरींच्या नातवाला कालच पुस्तक दिलं होतं, गळ्याच्या शिरा फुगवून, डोळे वटारून, तोंड वासून भिंतीशी उभे, आणि आवाज शून्य. इंजिनियरांनी तिथल्या तिथे रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत वकिलांनी ग्रंथपालांच्या दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी आम्हा चौघांचा रक्तदाब तपासला आणि मेव्हण्याला विचारलं की तुम्ही स्वतः डॉक्टर असून यात कसे. मेव्हण्याने नंतर कितीतरी दिवस ते माझ्यावर काढलं.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली की आता लवकरात लवकर लोकांसमोर जायला हवं. मी नगरपालिकेच्या सभागृहासाठी अर्ज करायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "गायन, वादन, नृत्य, व्याख्यान, यांपैकी काय?" मी मेटलकोर म्हणालो. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी गाण्याचं वर्णन केलं, त्या ब्रेकडाउनपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी 'इतर' वर खूण केली. 'इतर' मध्ये दंत तपासणी शिबिर आणि कुत्र्यांचं लसीकरणही येतं, असं त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं. बँडचं नाव काय, हा पुढचा प्रश्न होता. नाव ठरलं नव्हतं, कारण चौघांनाही आपापल्या जुन्या बँडचंच नाव थोडं बदलून हवं होतं. नावावरून माझा एक बँड आधीच मोडलेला, त्यामुळे मी तो विषयच काढत नव्हतो. मी नावाच्या जागी 'नियोजित' असं लिहिलं आणि खाली, नंतर कळवू, अशी टीप दिली. टीप कोणी वाचली नाही. आठवड्याभरात सभागृहाबाहेर फलक लागला: 'इतर कार्यक्रम. नियोजित यांचे मेटलकोर. संध्याकाळी सहा. सर्वांना मोकळा प्रवेश.' मी त्या फलकासमोर बराच वेळ उभा राहिलो. माझा बँड एका भिंतीवर छापील अक्षरांत होता. मला खरोखर आनंद झाला, आणि कबूल करायला हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या आधी त्याच सभागृहात गुडघेदुखीवर व्याख्यान होतं. ते लांबलं. वक्त्यांनी शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं आणि गुडघेदुखीवर लोकांना किती प्रश्न असतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळे आवाजाची तपासणी करायला आम्हाला वेळच मिळाला नाही. व्याख्यान संपल्यावर निम्मे श्रोते उठलेच नाहीत. खुर्च्या चांगल्या होत्या आणि पुन्हा उभं राहणं त्यांना जड होतं. त्यात माझ्या बायकोचे काही रुग्ण होते, खालच्या काकू होत्या, सेक्रेटरी-वकील-इंजिनियर एका रांगेत होते, मागे काळे शर्ट घातलेली चार-पाच पोरं होती. आणि पहिल्या रांगेत साहेब. मीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं.

आम्ही वर गेलो. खरे ड्रम, खरे स्पीकर. मेव्हण्याने एकट्याने सुरुवातीची हळुवार धून वाजवली. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली. मग मास्तरांनी काठ्या वर उचलल्या, आम्ही चौघांनी पहिला घाव घातला, आणि सगळे स्पीकर बंद पडले.

रंगमंचाच्या बाजूला भिंतीवर एक पेटी असते. हिरवा, पिवळा, लाल, असे तीन दिवे. आवाज मर्यादेच्या वर गेला की लाल दिवा लागतो आणि रंगमंचाची वीज तोडली जाते. ती पेटी नगरपालिकेच्या प्रत्येक सभागृहात बसवलीच पाहिजे, असा आदेश आहे. त्या आदेशाखाली सही माझी आहे.

मला पहिल्यांदा कळलंच नाही काय झालं ते. हात चालूच राहिले. आवाज न येता वाजवण्याची आम्हाला सवय होती. विजेशिवाय माझ्या बासच्या तारा नुसत्या टिणटिण करत होत्या. ग्रंथपालांची किंकाळी पुन्हा कुजबूज झाली होती. मास्तरांनी दचकून ब्रेक दाबला होता, पण थांबले नाहीत, हलक्या हाताने बडवत राहिले. काय करायचं, हे विचारायला मी मान वर केली, तर बाकीचे तिघेही माझ्याकडे आणि एकमेकांकडे बघत होते. थांबायचं की नाही, हे डोळ्यांनीच विचारत, एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून आम्ही पुढे पुढे जात राहिलो. समोर चिडीचूप. माझ्या मनात मात्र एकच विचार होता, की गेला, चौथाही गेला. आयुष्यात एकदा लोकांसमोर उभा राहिलो आणि कोणाला एक सूर ऐकू आला नाही.

मी गिटारसकट खाली उतरलो आणि व्यवस्थापकाला गाठलं. तो शांत माणूस होता. पेटी बाजूला करून थेट वीज देता येते, म्हणाला, पण त्याला सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

"मग घ्या की," रांगेतून सेक्रेटरी म्हणाले. "ते काय समोर उभे आहेत, गिटार अडकवून."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते. माझ्या सगळ्या नोकरीत मी नियमाला कधी बोट लावू दिलेलं नाही. बड्या लोकांच्या मुलांची लग्नं मी बंद पाडली आहेत, एकदा तर खुद्द साहेबांच्या साडूंची मिरवणूक. तो मी, तिथे, व्यवस्थापकाच्या पाठीवर कागद ठेवून, 'तातडीची सार्वजनिक गरज' असं कारण लिहून सही करून मोकळा झालो.

वीज आली. मी वर चढलो, मास्तरांनी पुन्हा चार मोजले, आणि त्या सभागृहाला व आम्हाला, दोघांनाही नियोजितचं मेटलकोर पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आलं.

मेव्हणा जे वाजवत होता ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी थांबायचो तिथे तो स्वतःची एक लांबलचक करामत वाजवत होता, आणि इतके महिने वाजवत आला असणार. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की माझी बास ही त्यालाही बातमीच होती. म्हणजे त्याने माझं बटण बंद ठेवलं होतं. मास्तरांनी आम्हा तिघांचीही ठेवली असावीत, कारण ते त्यांच्या जुन्या बँडच्या चालीने चालले होते, सावकाश, आरसे बघत. ग्रंथपालांनी दोन ओळी म्हटल्या, गोंधळून माईक खाली केला आणि आमच्याकडे असे बघत राहिले, जसं वाचनालयात कोणी मोठ्याने बोललं की बघतात. ब्रेकडाउन आला. चार घाव पडले, एकामागून एक, जिन्यावरून भांडी गडगडत यावीत तसे. गुडघेदुखीचे लोक एकमेकांना धरून उठू लागले. उठायला मघाशी ज्यांना जड जात होतं तेही उठले. काळ्या शर्टांची पोरंही निघून गेली, ते मला सगळ्यात जास्त लागलं. काकूंनी जाताना कानांवरचे हात काढले नाहीत. एका आजोबांनी व्यवस्थापकाला ती पेटी पुन्हा लावता येईल का, असं विचारलं, तो त्यांचा हक्कच होता. साहेब माझ्यासमोर क्षणभर थांबले आणि सोमवारी भेटा, म्हणाले.

गाणं मात्र मी शेवटपर्यंत वाजवलं. बाकीचे आपापल्या वेळी संपले, मी सगळ्यात शेवटी.

भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर बरं वाटलं असतं. चौघांनी आपापल्या तारा गुंडाळल्या. बटणांविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. मास्तरांना शिकवणीला जायचं होतं. ग्रंथपालांनी माझा हात हातात घेतला आणि सोडून दिला. मेव्हणा जाता जाता म्हणाला की दाढ दुखली तर ये, आणि बहिणीला हात करून निघून गेला. यालाच बँड मोडणं म्हणतात. मला आता ते ओळखता येतं.

मी आणि बायको चालत घरी निघालो. बाहेर अजून उजेड होता. कोपऱ्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा मीच म्हणालो, की असो, लोकांसमोर वाजवून तर झालं. एवढंच हवं होतं मला.

"मध्ये ते बंद पडलं होतं ना," ती म्हणाली, "तेव्हा फार छान वाटलं रे. सगळे एकमेकांकडे बघत होतात. चौघांचे हात एकदम पडत होते. माझ्या शेजारच्या आजी तर पुढे सरकून बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, किती जुळलंय यांचं."

ते किती वेळ चाललं होतं, असं मी विचारलं.

"थोडाच वेळ," ती म्हणाली. "तू लगेच खाली उतरून सही केलीस ना."

सिग्नल सुटला. मी गिटारची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आम्ही रस्ता ओलांडला.